खाच-कुसवाचा सांधा: हाताच्या हत्यारांनी, चुका तपासत

एका पट्टीत खाच पाडून दुसरीच्या टोकाला तीत घट्ट बसणारे कुसू, म्हणजे जिभेसारखे पातळ टोक, काढणे, हा चौकटी, खुर्च्या आणि टेबलांचा मूळ सांधा आहे. हौशी माणसाने याच सांध्यापासून सुरुवात करावी असे माझे मत आहे, कारण आखणी, करवत आणि पटाशी (लाकूड कोरायचे सपाट पात्याचे हत्यार) या तिन्हींतील चूक त्यात लगेच उघडी पडते.

पटाशीची धार मात्र आधी हवी. बोथट पटाशीने खाच वाकडी गेली, तर दोष हाताचा की पात्याचा हे ठरवता येत नाही आणि सराव वाया जातो. स्वयंपाकाच्या ओट्याच्या ग्रॅनाइटचा उरलेला सपाट तुकडा घेऊन त्यावर ओला वॉटर पेपर, म्हणजे पाण्यात चालणारा पॉलिश पेपर, ठेवावा. प्रथम ४०० नंबरचा, मग १००० आणि शेवटी २०००. पात्याची मागची बाजू टोकाजवळ पूर्ण सपाट करून घ्यावी, नंतर पुढचा उतार सुमारे ३० अंशांत धरून फक्त मागे ओढत घासावा, कारण पुढे ढकलल्यास कागद फाटतो. मागच्या बाजूने बोटाला बारीक कंगोरा सगळ्या रुंदीभर जाणवला की धार टोकापर्यंत पोचली असे समजावे आणि तो कंगोरा बारीक पेपरवर काढून टाकावा.

सरावासाठी खोक्यांचे पाइन घ्यावे. साग महाग तर आहेच, शिवाय त्यातील सिलिकामुळे धार लवकर जाते. पाइन मऊ असल्याने बोथट पाते त्याचे तंतू कापण्याऐवजी चिरडते, त्यामुळे धार गेल्याचे तेच सांगते. खोक्यावर ‘एचटी’ असा शिक्का असल्यास ते लाकूड उष्णतेने प्रक्रिया केलेले असते; ‘एमबी’ शिक्क्याचे, म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेले, लाकूड घरात आणू नये.

पट्टी २० मिमी जाड असेल तर कुसू तिच्या साधारण एक तृतीयांश जाडीचे ठेवतात. तरीही मोजपट्टीवरून ६.७ मिमी आखत बसण्याऐवजी हाताशी असलेल्या ६ मिमी पटाशीची रुंदी हेच माप धरावे आणि दोन्ही पट्ट्यांवर त्याच मापाने आखावे. प्रत्येक पट्टीची एक बाजू आणि एक कड खूण करून निवडावी व गुण्या, म्हणजे काटकोन आखायचे साधन, नेहमी त्यांनाच टेकवावा. कुसू जिथे सुरू होते तिथली आडवी रेघ पेन्सिलीऐवजी धारदार सुरीने मारावी. पेन्सिलीच्या रेघेला स्वतःची जाडी असते, तर सुरीने तंतू आधीच कापले जातात आणि करवत त्या चिरेत बसते.

खाच आधी पाडावी, कारण जाड झालेले कुसू तासता येते, पण रुंद झालेली खाच अरुंद करता येत नाही. पट्टी शिकंजात (क्लॅम्पमध्ये) घट्ट धरावी आणि दोन्ही हात पात्याच्या मागे ठेवावेत. पट्टीच्या टोकाशी उभे राहिल्यास पटाशी डावी-उजवीकडे कलते का ते दिसते. खाचेच्या दोन्ही टोकांना २ मिमी लाकूड राखून मधला भाग थोडा थोडा खोल करत जावे आणि टोकाच्या रेघांवर शेवटी यावे, कारण ढलपी उचकटताना पटाशी टोकावर टेकते व ती कड दबते. कुसू कापताना करवत रेघेच्या बाहेर, टाकाऊ बाजूला, चालवावी.

सांधा घट्ट जात असल्यास ठोकून बसवू नये, खाचेची भिंत तडकते. कुसवावर पेन्सिल गिरवून ते हाताने दाबून बाहेर काढावे. जिथले शिसे पुसले गेले तेवढाच भाग पटाशीने तासावा. हाताच्या दाबाने किंवा हलक्या ठोक्यांनी जाणारा आणि उचलल्यावर आपोआप न सुटणारा सांधा योग्य समजावा.

यानंतरची पायरी बहुतेक जण टाळतात, पण माझ्या मते सगळ्यात जास्त शिकवणारी तीच आहे. सरावाचा सांधा, नीट बसलेला असला तरी, करवतीने मधोमध उभा चिरावा. खाचेचा तळ कुठे उंच राहिला, भिंत कोणत्या बाजूला झुकली, कुसवाचे टोक तळाला टेकल्यामुळे बाहेर फट राहिली का, हे बाहेरून न कळणारे सगळे तिथे दिसते. दिसलेला दोष त्या तुकड्यावरच लिहावा आणि पुढच्या सांध्यात एकच गोष्ट बदलावी, मग ती उभे राहण्याची जागा असो वा ठोक्याचा जोर. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर सुधारणा कशामुळे झाली हे कळत नाही.

चौकट जोडताना फेविकॉल खाचेच्या भिंतींना आणि कुसवाच्या दोन्ही रुंद बाजूंना पातळ लावावा. शिकंजे आवळल्यावर दोन्ही कर्ण मोजावेत. ते सारखे नसतील तर लांब कर्णाच्या दिशेने शिकंजे थोडे तिरके करून पुन्हा आवळावेत आणि चौकट रात्रभर तशीच ठेवावी.