दूरच्या डाईव्ह साइटवर जायचे ठरवताना या चुका टाळा

विजयदुर्गाच्या पश्चिमेला सुमारे १०५ किलोमीटरवर, भर अरबी समुद्रात, अंग्रिया बँक नावाचे प्रवाळांचे पठार पाण्याखाली आहे. कान्होजी आंग्र्यांचे नाव लाभलेले हे पठार उत्तर-दक्षिण सुमारे ४० किलोमीटर लांब आणि सुमारे १५ किलोमीटर रुंद आहे. मालवण-तारकर्लीला स्कूबा शिकलेला माणूस थोडा सरावला, की त्याच्या मनात अंग्रियाचे नाव घोळू लागते, आणि माझ्याही मनात ते अनेक वर्षे आहे. अशा ठिकाणाविषयी ‘साइट कशी आहे?’ एवढाच प्रश्न विचारून बहुतेक जण थांबतात. मी जाईन त्या दिवशी, माझ्या अनुभवावर आणि माझ्या सिलिंडरमधल्या हवेवर मला तळाशी किती मिनिटे मिळतील, आणि ती न मिळाल्यास माझ्या हाती काय उरेल, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. पुढील चुका या दुसऱ्या प्रश्नाकडे दुर्लक्ष केल्यामुळे होतात.

अंतर मोजणे आणि खोली विसरणे

१०५ किलोमीटर म्हणजे सुमारे ५७ सागरी मैल. आठ नॉटच्या, म्हणजे तासाला आठ सागरी मैल या वेगाने जाणाऱ्या बोटीला एका वाटेला सात तास लागतात, म्हणून सगळी चर्चा प्रवासाभोवतीच फिरते. मात्र अंग्रियाचा सर्वांत उथळ भागच सुमारे २० मीटर खोल आहे. ओपन वॉटर या स्कूबाच्या पहिल्या पायरीच्या प्रमाणपत्राची मर्यादा १८ मीटर आहे. याचा सरळ अर्थ असा, की ज्याच्याजवळ केवळ ओपन वॉटर आहे त्याला या पठाराच्या माथ्यापर्यंतही नियमानुसार उतरता येत नाही. ३० मीटरपर्यंतचे ॲडव्हान्स्ड प्रमाणपत्र आणि निळ्या पाण्यात, खाली तळ दिसत नसताना, शांतपणे उतरण्याचा सराव या दोन्ही गोष्टी जाण्यापूर्वी हाती असायला हव्यात. तिथे जाऊन शिकू म्हणणे धोक्याचे आहे.

खोलीचा दुसरा परिणाम हवेवर होतो आणि तो कागदावर मांडून पाहिल्याशिवाय लक्षात येत नाही. आपल्याकडे सर्रास मिळणारे ११ लिटरचे सिलिंडर २०० बारपर्यंत (बार हे दाबाचे माप) भरले, तर त्यात सुमारे २,२०० लिटर हवा असते. ५० बार राखीव ठेवल्यावर १,६५० लिटर वापरता येतात. पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर हवा घेणाऱ्या डायव्हरला २२ मीटरवर, जिथे दाब ३.२ बार असतो, मिनिटाला ६४ लिटर लागतात. उतरणे, सावकाश वर येणे आणि ५ मीटरवरचा तीन मिनिटांचा थांबा यांसाठी सुमारे २८० लिटर बाजूला काढले, तर तळाशी साधारण २१ मिनिटे उरतात. दडपणामुळे श्वास वाढला आणि तो मिनिटाला २८ लिटरवर गेला, तर हीच वेळ जेमतेम १४ मिनिटांवर येते. दिवसातून तीन डाईव्ह धरल्या तरी एकूण ४० ते ६५ मिनिटांसाठी आपण चौदा तासांचा जाण्यायेण्याचा प्रवास करणार आहोत, हे आधी ठरवावे. माझ्या मते ज्याचा श्वास स्थिर आहे त्याच्यासाठी तो सौदा चांगला आहे. ज्याचा नाही, त्याने तेच पैसे आणि तेच दिवस दहा मीटरच्या पाण्यात वीस डाईव्ह करण्यात घालवावेत आणि मग अंग्रियाचा विचार करावा.

बेट आणि बुडालेले पठार यांना एकाच मापाने मोजणे

ही चूक मला सर्वांत गंभीर वाटते, कारण अनुभवी डायव्हरही ती करतात. कर्नाटकात मुरुडेश्वरपासून सुमारे १९ किलोमीटरवर असलेल्या नेत्राणी बेटावर आम्ही एकदा पौर्णिमेला गेलो होतो. तारीख सुटीप्रमाणे निवडली होती. पंचांग कोणी पाहिले नव्हते. नांगर टाकताच दोर तारेसारखा ताठ झाला आणि तो पाण्यात शिरत होता तिथे पाणी दुभंगून दोन्ही बाजूंना बारीक भोवरे उठू लागले. एका खलाशाने नाळेजवळ, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाशी, नारळाची करवंटी टाकली आणि आम्ही सेकंद मोजले. साधारण दहा मीटरच्या बोटीची लांबी तिने दहा सेकंदांत ओलांडली. सेकंदाला एक मीटर म्हणजे जवळपास दोन नॉट. इतक्या ओढीविरुद्ध कोणताही डायव्हर फार वेळ पोहू शकत नाही. तांडेलाने एक शब्द न बोलता नांगर उचलला आणि बोट बेटाच्या दुसऱ्या अंगाला नेली. तिथे पाणी निवांत होते आणि आमच्या दोन्ही डाईव्ह व्यवस्थित झाल्या.

त्या दिवशी आम्हाला बेटाच्या आडोशाने तारले. अंग्रियाला दुसरे अंगच नाही. पाण्याबाहेर एक खडकही नसल्यामुळे वारा, लाट आणि ओढ यांपैकी काहीही अडवणारे तिथे काही नाही; बोट हलवली तरी परिस्थिती तीच राहते. म्हणूनच बेटाविषयी ‘तिथे सहसा डाईव्ह होतेच’ हे वाक्य बऱ्याच अंशी खरे असते आणि उघड्या समुद्रातल्या पठाराविषयी तेच वाक्य फसवे ठरते. अंदमानातील बॅरन बेट श्री विजयपुरम, म्हणजे पूर्वीचे पोर्ट ब्लेअर, येथून सुमारे १३५ किलोमीटर दूर आहे. ते अंग्रियापेक्षाही लांब पडते. तरीही भारतातील हा एकमेव जागृत ज्वालामुखी पाण्यावर साडेतीनशे मीटरच्या आसपास उभा असल्यामुळे वारा ज्या बाजूने येतो तिच्या विरुद्ध बाजूला थारा मिळण्याची शक्यता राहते. दूर असणे आणि उघडे असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि निर्णय घेताना दुसरीला अधिक वजन द्यावे.

यावर उपाय म्हणून तारीख तिथीवरून निवडावी. अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती-ओहोटी असते आणि पाण्याला ओढ अधिक असते. अष्टमीनंतरच्या एकदोन दिवसांत भांगाचे पाणी असते आणि ओढ मंदावते. कोकणातला कोणताही मच्छीमार हे सांगेल. भर समुद्रात भरती-ओहोटीखेरीज इतर प्रवाहही असतात, त्यामुळे तिथी पाहिल्याने हमी मिळत नाही. मात्र उधाणाच्या दिवसांत मुद्दाम जाण्याची चूक तरी टळते. पाण्यात उतरण्यापूर्वी करवंटी टाकून सेकंद मोजायला खर्च काहीच येत नाही.

हंगाम पाहणे, पण आठवडा न पाहणे

ऑक्टोबर ते मे हा पश्चिम किनाऱ्यावरचा हंगाम, असे सर्वत्र लिहिलेले असते आणि ते ढोबळमानाने बरोबर आहे. तरीही फयान वादळ कोकणावर आले ते ११ नोव्हेंबर २००९ रोजी, क्यारमुळे समुद्र खवळला तो ऑक्टोबर २०१९च्या अखेरीस आणि तौक्ते आले ते मे २०२१मध्ये. तिन्ही याच ‘हंगामात’. वादळ नसतानाही लाटांचा अंदाज पाहिल्याशिवाय निघू नये. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही केंद्र सरकारची संस्था लाटांची उंची, त्यांचा कालावधी आणि वारा यांचे अंदाज विनामूल्य देते. येथे अनेक जण केवळ उंची वाचतात. दीड मीटरच्या लाटा बारा सेकंदांच्या अंतराने येत असतील तर बोट सावकाश वरखाली होते आणि माणूस सामान अंगावर चढवू शकतो. त्याच दीड मीटरच्या लाटा पाच सेकंदांनी येत असतील तर बोट आदळते, पोटात ढवळते, आणि डाईव्ह संपवून शिडी पकडताना हात सुटून दुखापत होण्याची भीती असते. उंची आणि कालावधी हे दोन आकडे एकत्रच वाचावेत, आणि परतीच्या दिवसाचेही वाचावेत.

फोटोवर तारीख नसणे

दूर म्हणजे अस्पर्श, असे आपण गृहीत धरतो. समुद्राचे पाणी तापते तेव्हा ते माणसांची वर्दळ पाहत नाही. २०१०मध्ये अंदमानातील प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले; लक्षद्वीपने १९९८, २०१० आणि २०१६ या वर्षांत आणि पुन्हा २०२४मध्ये हा आघात सोसला. त्यामुळे सुंदर फोटो पाहिला की तो कोणत्या महिन्यातला आणि कोणत्या वर्षातला, हे विचारावे. सलग तीन दिवसांचे, न निवडलेले, कोणताही फिल्टर नसलेले चित्रीकरण मागावे. प्रामाणिक आयोजक ते आनंदाने देतो, आणि पाणी हिरवट होते असेही सांगतो.

सहलीचे दिवस आणि डाईव्हचे दिवस एकच समजणे

अनेक डाईव्ह केल्यानंतर विमानात बसण्यापूर्वी किमान १८ तास थांबावे, असा सर्वमान्य दंडक आहे. बरेच जण २४ तास पाळतात. अंदमान किंवा लक्षद्वीपला गेल्यास शेवटचा दिवस यामुळे कोरडा जातो. जाण्यायेण्याचा एकेक दिवस आणि हवामानासाठी राखलेला एक दिवस वजा केला, तर सहा दिवसांच्या सहलीत डाईव्हचे दिवस दोन उरतात. खर्चाला या दोन दिवसांतल्या अपेक्षित मिनिटांनी भागावे आणि मग ठरवावे. लक्षद्वीपसाठी प्रवेश परवाना लागतो आणि बॅरनसाठी वन विभागाची परवानगी लागते. बॅरनवर उतरण्यास मुभा नसते. हे कागद आयोजकाने आपल्या नावाने काढले आहेत का, हे पैसे भरण्यापूर्वीच पाहावे.

‘बोटीवर ऑक्सिजन आहे’ एवढ्या उत्तरावर समाधान मानणे

डिकम्प्रेशन सिकनेसची, म्हणजे वर येताना दाब घटल्याने शरीरात नायट्रोजनचे बुडबुडे होऊन जडणाऱ्या आजाराची, शंका आल्यास प्रथमोपचार म्हणून शुद्ध ऑक्सिजन द्यावा लागतो आणि रुग्णाला रिकम्प्रेशन चेंबरपर्यंत, म्हणजे पुन्हा दाबाखाली ठेवून उपचार करणाऱ्या बंद कक्षापर्यंत, न्यावे लागते. मिनिटाला १५ लिटर या प्रवाहाने तासाला ९०० लिटर लागतात. अंग्रियाहून किनारा गाठण्याच्या सात तासांना ६,३०० लिटर. कोविडच्या काळात घरोघरी पाहिलेल्या ‘बी’ प्रकारच्या लहान सिलिंडरमध्ये सुमारे १,५०० लिटर असतो, म्हणजे तो एक तास चाळीस मिनिटांत संपतो. ७,००० लिटरचा जम्बो सिलिंडर एका रुग्णाला कसाबसा पुरतो. म्हणून ‘आहे का’ असे न विचारता ‘किती लिटर आहे, कोणत्या मास्कमधून देणार आणि जवळच्या चेंबरशी आधी बोलणे झाले आहे का’ असे विचारावे. एका आयोजकाने मला या प्रश्नावर ‘आजवर कधी गरज पडली नाही’ असे उत्तर दिले होते. मी ती सहल सोडली आणि आजही तो निर्णय योग्य वाटतो.

लहानसहान सुटे भाग

मालवणात मास्कचा पट्टा तुटला तर दहा मिनिटांत दुसरा मिळतो. भर समुद्रात सिलिंडरच्या तोंडाशी बसणारी एखादी ओ-रिंग, म्हणजे हवा गळू न देणारी रबरी कडी, चिरली आणि दुसरी नसली, तर ते सिलिंडर त्या दिवसापुरते बाद होते. ओ-रिंगांचा संच, मास्क आणि फिनचे जादा पट्टे, माउथपीस व ते बांधायचे प्लास्टिकचे बंद, डाईव्ह कॉम्प्युटरची बॅटरी आणि प्रत्येकाचा स्वतःचा सरफेस मार्कर बॉय (डायव्हर कुठे आहे हे बोटीला दाखवणारी, हवा भरून पाण्यावर सोडायची नळी) हे सगळे एका डब्यात मावते. मार्कर बॉय विशेष जपावा. ओढीत डायव्हर बोटीपासून दोनशे मीटर दूर वर आला, तर लाटांमध्ये त्याचे काळे डोके दिसत नाही. दीड मीटर उंच नारिंगी नळी दिसते. तो पाण्याखालून सोडण्याचा सराव निदान पाचसहा वेळा उथळ पाण्यात झाला नसेल, तर तारकर्लीला एक सकाळ त्यासाठी काढावी आणि अंग्रियाची तारीख पुढच्या भांगावर न्यावी.