ट्रेलर नेमका कुणासाठी? प्रेक्षक शोधताना या चुका टाळा

फिल्म आणि तिचा ट्रेलर करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या प्रोजेक्ट फाइलमध्ये ‘टार्गेट ऑडियन्स’पुढे हमखास एक ओळ सापडते : ‘वयोगट १५ ते ३५, ग्रामीण व शहरी, स्त्री-पुरुष’. म्हणजे निम्मा मराठवाडा. एवढ्यांसाठी ट्रेलर कापायला बसलं की पहिला शॉट कोणता, इथंच गाडी अडते.

त्याहून मोठी गल्लत विषय आणि प्रेक्षक एकच समजण्याची. समजा, फिल्म बीडच्या ऊसतोड कुटुंबातल्या मुलीवर आहे. मग प्रेक्षक ऊसतोड मजूर, असं फाइलमध्ये लिहून मोकळं व्हायचं. पण फिल्म दाखवणार कुठं? अजिंठा-वेरूळ चित्रपट महोत्सवासाठी छत्रपती संभाजीनगरला जमणारा प्रेक्षक संथ सुरुवात सोसतो. लातूरच्या होस्टेलवर नीटची तयारी करणारी पोरगी जेवता जेवता रील सरकवत असते, ती नाही सोसत. आणि खरंच मजुरांसाठीच फिल्म असेल, तर गावात कधी जाता ते बघा. दसरा-दिवाळीनंतर टोळ्या कारखान्यांकडे निघतात, उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. सबमिशनच्या घाईत जानेवारीत गेलात तर घरी म्हातारी माणसं भेटतील आणि सर्व्हे सांगेल की तुमचा प्रेक्षक साठीच्या पुढचा आहे! मुकादमाशी बोलून कारखान्याजवळच्या कोप्यांवर, म्हणजे त्यांच्या झोपड्यांवर जा, तेही माणसं फडातून परतल्यावर.

वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गूगल फॉर्म टाकणं हे संशोधन नव्हे. उत्तरं देणाऱ्यांतल्या निम्म्यांनी त्याच फिल्मचा लाइट धरलेला असतो. फॉर्म करायचाच तर वयाचे रकाने तपासा. ‘१५-२०’ आणि ‘२०-२५’ असे ठेवले तर वीस वर्षांच्या मुलानं टिक कुठं करायची? सिनेमॅटोग्राफ कायद्यातल्या २०२३ च्या दुरुस्तीनंतर ‘यूए’ प्रमाणपत्राचे वयानुसार ७+, १३+ आणि १६+ असे भाग झालेत. रकाने त्या टप्प्यांवर तोडले तर पुढं कामाला येतात.

परदेशी पुस्तकांतून ‘एबीसी वन’ वगैरे सामाजिक-आर्थिक वर्ग उचलण्याची खोडही सोडा. ते ब्रिटनमधले, कर्त्या माणसाच्या नोकरीवरून पाडलेले. आपल्याकडच्या एनसीसीएस या ग्राहक-कुटुंबांचे वर्ग पाडण्याच्या पद्धतीत कर्त्याचं शिक्षण आणि ठरलेल्या अकरा गोष्टींपैकी घरात किती आहेत, ते बघतात. त्या यादीत फ्रिज-टीव्हीबरोबर शेतजमीनही आहे. खरं सांगायचं तर दीड मिनिटाच्या ट्रेलरला एवढं लागत नाही. फोन स्वतःचा की घरात मिळून एक, आवाज लावून बघता की म्यूटवर, एवढं विचारलं तरी सबटायटल मोठे हवेत का ते कळतं.

आता प्रश्नांकडे. ‘तुम्हाला सामाजिक विषयावरचे चित्रपट आवडतात का?’ याला ‘नाही’ म्हणणारा अजून जन्मायचाय. त्यापेक्षा विचारा, ‘शेवटचा पिक्चर कोणता बघितला? कुठं? सोबत कोण होतं?’ आवडीनिवडी सांगताना माणूस स्वतःला जरा बरा करून सांगतो. काय बघितलं ते सांगताना थापा मारणं अवघड जातं.

कच्चा ट्रेलर दाखवायला गेलं की आपल्याकडची आणखी एक अडचण पुढं येते : पाहुणचार. कॉलेजची पोरं एवढ्या लांबून आली म्हटल्यावर आधी चहा येतो, मग ‘लई भारी झालंय की!’ येतं. हे उत्तर वहीत लिहू नका. ट्रेलर थांबला की फोन खिशात घाला आणि विचारा, ‘काकू, गोष्ट कशाची असंल?’ त्या म्हणाल्या, ‘पोरीच्या लग्नाची,’ आणि तुमची फिल्म तिच्या शाळेची असेल, तर घोळ कुठं आहे ते बघा. बहुधा हळदीचा शॉट देखणा आला म्हणून तुम्ही तो दोनदा वापरलेला असतो. दुसरा प्रश्न, ‘हे कुणाला पाठवाल?’ ‘आमच्या जावेला’ हे उत्तर ‘छान आहे’पेक्षा कितीतरी कामाचं. पारावर घोळक्याला एकदम दाखवू नका. गुरुजी आधी बोलले की बाकीचे माना डोलावतात. एकेकाला दाखवा, आणि बघताना स्क्रीनकडे नाही, त्यांच्या तोंडाकडे लक्ष ठेवा. नजर कुठं हटली, त्याचा सेकंद टिपा. यूट्यूबवर प्रेक्षक कुठं गळाले त्याचा आलेख मिळतो, पण मोजक्या व्ह्यूजवर त्यातून काही ठरवता येत नाही.

बोलीचंही तपासा. ‘काय करायलास?’ ऐकून लातूरकर खुश होईल, पुण्याचा परीक्षक कदाचित अडखळेल. म्हणून संवाद बदलायचा नसतो. तो परीक्षक तुमचा प्रेक्षक आहे का, ते ठरवायचं असतं.

फाइलमध्ये पाय चार्ट कमी, बदल जास्त लिहा : कुणी काय सांगितलं, त्यावरून कोणता शॉट काढला, कोणता आधी आणला. जुना आणि नवा कट दोन्ही जपून ठेवा. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेत, तेच विचारतात.