दुकानांच्या ऑफर डेव्हलपरांच्या हाती देताना

दुकानांच्या जाहिराती, आठवड्याची पत्रकं, शाखांमधल्या सवलती असा सगळा डेटा तुमच्याकडे जमतो आहे आणि आता तो एपीआयमधून, म्हणजे एका प्रोग्रामने दुसऱ्याकडे डेटा मागायच्या ठरलेल्या वाटेने, बाहेरच्या डेव्हलपरांना द्यायचा आहे. अशा वेळी बहुतेक टीम डेटाबेसमधली टेबलं जशीच्या तशी जेसॉनमध्ये (डेटा पाठवायच्या एका मजकुरी रचनेत) ओततात, डॉक्युमेंटेशनचं एक पान लिहितात आणि मोकळ्या होतात. माझं काम तिथून पुढे सुरू होतं. अ‍ॅप बांधताना अडलेले डेव्हलपर जे विचारतात, त्याची उत्तरं मी देतो. ते प्रश्न फिरून फिरून तिथेच येतात: ही ऑफर नेमकी कुठल्या शाखेत आहे, कधीपर्यंत आहे, आणि कुठल्या अटीवर आहे? वस्तूचं नाव आणि फोटो यांबद्दल फारसं कुणी विचारत नाही. म्हणून डिझाइनला बसताना या तीन प्रश्नांपासूनच सुरुवात करा.

ऑफरला वस्तूच्या पोटात कोंबू नका

दुकान, वस्तू आणि ऑफर या तीन वेगळ्या नोंदी ठेवा. वस्तूच्या नोंदीत ‘सवलतीची किंमत’ असं एक फील्ड जोडून भागेल, असं सगळ्यांना आधी वाटतं. मग पत्रकात एक चौकोन येतो: ‘सर्व शाम्पूंवर २० टक्के सूट’. यात वस्तू कुठली? एकही नाही, किंवा शंभर. ‘दोन घ्या, तिसरं मोफत’ असेल तर किंमत कुठली लिहाल? ऑफर ही वस्तूविना जगू शकली पाहिजे आणि तिला स्वतःचा प्रकार हवा: ठरावीक किंमत, टक्केवारी, रकमेची सूट, ठरावीक नगांवर मोफत नग, किमान खरेदीवर सूट. या यादीत न बसणारं काहीतरी येणारच, त्यासाठी ‘अन्य’ ठेवा.

प्रत्येक ऑफरसोबत जाहिरातीतला मूळ मजकूरही जसाच्या तसा द्या. तुमच्या प्रोग्रामने त्यातून काढलेला अर्थ चुकू शकतो. मूळ वाक्य हाताशी असेल तर डेव्हलपर ते ग्राहकाला दाखवून वेळ मारून नेऊ शकतो. अर्थ लागला नाही तर किंमतीचं फील्ड रिकामं ठेवा, शून्य लिहू नका. शून्य लिहिलं की कुठल्या तरी अ‍ॅपमध्ये ती वस्तू फुकट दिसते, आणि शिव्या दुकानदाराला बसतात.

वस्तूची ओळख पटवायला बारकोडखालचा आकडा, म्हणजे जीटीआयएन, वापरा. तो ८, १२, १३ किंवा १४ अंकी असतो आणि तो नेहमी स्ट्रिंग म्हणूनच, म्हणजे मजकूर म्हणून, साठवा. संख्या म्हणून साठवला की सुरुवातीची शून्यं गळतात. एक्सेलमधून आलेल्या फाइलींत तर ती आधीच गळलेली असतात. शेवटचा अंक पडताळणीचा असतो; तो डेटा आत घेतानाच तपासा. आणखी एक खाचखळगा: १३ अंकी कोडची सुरुवात २०० ते २९९ यांपैकी कशाने होत असेल, तर तो मर्यादित वापरासाठी राखीव गटातला आहे. वजनावर विकायच्या मालाला दुकानं असे कोड स्वतःपुरते लावतात. तोच आकडा दुसऱ्या दुकानात भलत्याच वस्तूवर असू शकतो. असे कोड जीटीआयएनच्या फील्डमध्ये घालू नका, त्यांना दुकानाच्या ओळखक्रमांकासोबत वेगळं ठेवा.

रक्कम फ्लोटमध्ये, म्हणजे संगणक अंदाजे साठवतो अशा दशांश संख्येत, देऊ नका. सर्वांत लहान एककातली पूर्ण संख्या आणि जोडीला आयएसओ ४२१७ प्रमाणे चलनाचा कोड द्या. प्रत्येक चलनाला दोनच दशांश असतात असं धरून चालू नका. जपानी येनला एकही नाही, कुवेती दिनारला तीन आहेत.

कधीपासून, कधीपर्यंत

माझ्या इनबॉक्समधले सर्वांत चिडके संदेश या विषयावरचे असतात. जाहिरातीत लिहिलेलं असतं ‘रविवारपर्यंत’. एपीआयमध्ये शेवटची तारीख म्हणून रविवारची मध्यरात्र जाते, म्हणजे रविवार सुरू होतानाचा क्षण, आणि अ‍ॅपमधून ऑफर पूर्ण एक दिवस आधीच गायब होते. त्यासाठी एकच नियम पाळा आणि डॉक्युमेंटेशनमध्ये ठळक लिहा: सुरुवातीचा क्षण मुदतीत धरलेला, शेवटचा क्षण मुदतीबाहेर. रविवारपर्यंतची ऑफर सोमवारी ००:०० ला संपते.

तरी एक गुंता उरतोच. साखळी दुकानांच्या शाखा वेगवेगळ्या टाइम झोनमध्ये असतील तर एकाच ऑफरचा शेवट प्रत्येक ठिकाणी वेगळ्या क्षणी येतो. म्हणून ऑफरमध्ये स्थानिक तारीख-वेळ ठेवा आणि टाइम झोन शाखेच्या नोंदीत, तोही आयएएनए या संस्थेच्या टाइम झोनच्या यादीतल्या नावाने. नुसता ‘यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) अधिक इतके तास’ लिहून भागत नाही, कारण घड्याळं मागेपुढे करणाऱ्या प्रदेशांत तो फरक वर्षातून दोनदा बदलतो आणि त्या दिवशी दिवस २३ किंवा २५ तासांचा होतो. विशिष्ट शाखेची ऑफर मागितली तर मात्र हिशोब तुम्हीच करा आणि आरएफसी ३३३९ या इंटरनेट मानकाच्या रूपातली पक्की वेळ द्या.

‘लागू होण्याची वेळ’ आणि ‘दाखवायला परवानगी असलेली वेळ’ या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पुढच्या आठवड्याचं पत्रक दुकानं आधी पाठवतात, पण ते आधी दिसलेलं त्यांना चालत नाही. शेजारचा स्पर्धक लगेच भाव पाडेल. अशी ऑफर ‘अजून दाखवू नका’ अशी खूण लावून बाहेर पाठवायची कल्पना कुणी मांडली तर साफ नाही म्हणा. वेळ येईपर्यंत ती सर्व्हरवरून बाहेर पडताच कामा नये. डेव्हलपरच्या सभ्यतेवर दुकानदाराचं गुपित टांगून ठेवू नये.

कुठे

शाखेला कायमचा ओळखक्रमांक द्या. ती जागा बदलली, नाव बदललं तरी तो दुसऱ्या कुणाला देऊ नका. ऑफरची नोंद प्रत्येक शाखेसाठी वेगळी करू नका. समजा ५०० शाखा आणि २,००० ऑफर असतील तर १० लाख ओळी होतील, आणि एका ऑफरचा मजकूर सुधारला की त्यांतल्या ५०० बदलाव्या लागतील. त्यापेक्षा एकाच भावाने विकणाऱ्या शाखांचे गट करा आणि ऑफर गटाला जोडा. ‘सर्व शाखा’ हे स्वतंत्र, स्पष्ट फील्ड असू द्या. रिकामी यादी म्हणजे सगळीकडे की कुठेच नाही, यावर दोन डेव्हलपर दोन अर्थ लावतात आणि दोघेही ठाम असतात.

जवळच्या ऑफर शोधायच्या एंडपॉइंटला (एपीआयमधल्या त्या कामाच्या पत्त्याला) अक्षांश-रेखांश आणि अंतर द्यावं लागतं. जिओजेसॉनमध्ये, म्हणजे जागांच्या माहितीसाठीच्या जेसॉनमध्ये, आधी रेखांश, मग अक्षांश असा क्रम आहे. बोलताना आपण उलटं म्हणतो. पॅरामीटरना पूर्ण नावं दिलीत तर हा घोळ टळतो. अंतराला कमाल मर्यादा घाला. अक्षांशाचा एक अंश साधारण १११ किलोमीटरचा असतो, पण रेखांशाचा अंश ध्रुवांकडे आखडत जातो आणि ६० अंश अक्षांशावर निम्मा उरतो. त्यामुळे अंशांची वजाबाकी करून अंतर काढणारं कोड कुणाचं असेल तर तिथल्या तिथे काढून टाका.

इथे एक जबाबदारी तुमच्यावरही येते. हे आकडे ग्राहकाच्या फोनचे असतात आणि यूआरएलमधून सर्व्हरच्या लॉगमध्ये जाऊन बसतात. लॉगमध्ये लिहिण्याआधी ते दोन दशांशांपर्यंत तोडा. त्याने अचूकता साधारण एक किलोमीटरवर येते, आणि गर्दी कुठून येते हे समजायला तेवढं पुरतं. माणूस कुठल्या इमारतीत राहतो हे तुम्हाला ठाऊक असायचं कारण नाही.

मागे घेतलेली ऑफर

माल संपला, किंमत चुकीची छापली गेली, कंपनीने हात आखडता घेतला. ऑफर मुदतीआधी मागे घेतली जाते, आणि नेमकी ही बातमी डेव्हलपरपर्यंत पोहोचत नाही. ती नोंद यादीतून नुसती गायब करू नका. ज्याने काल ती उतरवून घेतली, त्याला आज ती यादीत नाही हे कळणार कसं? बदलांसाठी वेगळा एंडपॉइंट द्या: डेव्हलपर मागच्या वेळचा टोकन, म्हणजे तो कुठवर आला होता याची तुम्ही दिलेली खूण, पाठवतो, तुम्ही त्यानंतरचे सगळे बदल देता, आणि त्यात ‘मागे घेतली’ अशा नोंदीही येतात. ‘मुदत संपली’ आणि ‘मागे घेतली’ या दोन स्थिती एकात मिसळू नका. पहिली दाखवत राहिलं तर अ‍ॅप गबाळं दिसतं, दुसरी दाखवली तर दुकानात भांडण होतं.

लांब यादीची पानं पाडतानाही असाच टोकन वापरा. ‘१०० नोंदी सोडून पुढच्या द्या’ असं मागत असताना मधेच पहिल्या पानावरची एक नोंद गळली, तर पुढची सगळी एक पाऊल वर सरकतात आणि एक ऑफर कुणालाच न दिसता निसटते.

वेबहुक, म्हणजे बदल झाला की तुमच्या सर्व्हरने डेव्हलपरच्या सर्व्हरला आपणहून पाठवायचा संदेश, द्यायचा असेल तर त्यात फक्त ओळखक्रमांक पाठवा, तपशील डेव्हलपरला एपीआयकडून आणू द्या. मग संदेश दोनदा पोहोचले किंवा उलटसुलट क्रमाने आले तरी बिघडत नाही. संदेशावर एचएमॅकची सही (दोघांनाच ठाऊक असलेल्या गुप्त कीवरून काढलेली) आणि वेळ असू द्या. वेबहुक पोहोचला नाही तरी बदलांचा एंडपॉइंट आहेच.

आता की, म्हणजे एपीआय वापरणाऱ्याची ओळख पटवणारा कोड, याबद्दल थोडक्यात. मोबाइल अ‍ॅपमध्ये पुरलेली की गुप्त राहत नाही, ती उघडीच आहे असं समजून तिला फक्त वाचण्याचे आणि मोजके अधिकार द्या. मागण्यांची मर्यादा ओलांडली तर ४२९ (‘फार मागण्या झाल्या’ हा उत्तराचा कोड) द्या आणि रिट्राय-आफ्टर हेडरमध्ये किती सेकंद थांबायचं ते सांगा. ईटॅग (उत्तराच्या आवृत्तीची खूण) द्या, म्हणजे काही बदललं नसेल तिथे ३०४ वर, म्हणजे ‘बदल नाही’ एवढ्या उत्तरावर, भागतं.

चाचणीच्या सर्व्हरवर चकचकीत डेटा ठेवू नका. फोटो नसलेली ऑफर, जीटीआयएन नसलेली, तीन ओळींच्या अटींची, काल संपलेली, आत्ताच मागे घेतलेली, या सगळ्या तिथे हव्यात. आणि घड्याळ पुढे ढकलायची सोय हवी. ‘आज सोमवार ००:०१ आहे असं समज’ असं सर्व्हरला सांगता आलं तर डेव्हलपरला आपलं कोड तपासायला रविवार संपायची वाट पाहावी लागत नाही. ही सोय पुष्कळ एपीआयमध्ये नसते, का ते मला कळत नाही. बांधायला ती फार अवघड नाही.

फोटोंचे हक्क बहुधा मुदतीचे असतात. ती मुदत करारात पुरून ठेवण्यापेक्षा फोटोच्या नोंदीतच तारीख म्हणून द्या. डेटा किती वेळ साठवून ठेवता येईल, दुकानाचं नाव कुठे दाखवायचं, हेही रिस्पॉन्समध्येच असलेलं बरं. करार वकील वाचतात, कोड लिहिणारा फक्त जेसॉन बघतो.

आवृत्ती बदलताना नवं फील्ड जोडणं सुरक्षित असतं. पण ऑफरच्या प्रकारांत नवा प्रकार आला की जुनी अ‍ॅप्स कोसळतात. अनोळखी प्रकार दिसला तर तो ‘अन्य’ समजा आणि मूळ मजकूर दाखवा, हे पहिल्या दिवसापासून सांगून ठेवा. चाचणीच्या डेटात मुद्दाम एक अनोळखी प्रकार पेरून ठेवा, म्हणजे सूचना न वाचणाऱ्यांनाही ते कळेल. जुनी आवृत्ती बंद करायची तारीख ठरली की आरएफसी ८५९४ मधला सनसेट हेडर (सेवा कधी बंद होणार ते सांगणारी ओळ) प्रत्येक उत्तरात पाठवायला लागा. मग लॉगमधून बघा की कुठल्या की अजूनही जुन्याच दाराने येताहेत, आणि त्या प्रत्येकाला नावानिशी ईमेल करा.