रस्त्यावरच्या शर्यतींच्या गेमची परीक्षणे कशी वाचावीत

पुण्यात कर्वेनगरातल्या भाड्याच्या खोलीत जुन्या लॅपटॉपवर खेळणारा विद्यार्थी आणि बाणेरच्या फ्लॅटमध्ये मोठ्या टीव्हीसमोर स्टिअरिंग लावून बसणारा नोकरदार, हे दोघेही रेसिंग गेम विकत घेण्यापूर्वी बहुधा एकच आकडा पाहतात, तो म्हणजे परीक्षणांच्या गुणांची सरासरी. शहरातल्या रस्त्यांवर पोलिसांना चुकवत खेळायच्या शर्यतींबाबत हा आकडा विशेष फसवा ठरतो, कारण कोणाला गाडी पळवण्यात रस असतो, कोणाला ती सजवण्यात, तर कोणाला केवळ पाठलागात. परीक्षक यांपैकी काय शोधत होता हे आधी ओळखावे आणि गुण शेवटी पाहावेत.

याचे सर्वांत बोलके उदाहरण ‘नीड फॉर स्पीड : मोस्ट वाँटेड’ या एकाच नावाने निघालेल्या दोन गेमचे आहे. २००५ सालचा गेम ब्लॅक बॉक्स या स्टुडिओचा होता. बेकायदा शर्यती लावणाऱ्या पंधरा जणांच्या यादीतील एकेकाला हरवत वर चढायचे आणि हातची गेलेली बीएमडब्ल्यू परत मिळवायची, असे त्याचे कथानक होते. शिवाय गाडीचा रंग, बंपर आणि चाके मनासारखी बदलता येत. २०१२ सालचा गेम ‘बर्नआउट’ मालिकेमुळे नावाजलेल्या क्रायटेरियनने केला. त्यात बहुतेक गाड्या शहरात ठिकठिकाणी उभ्या असतात आणि सापडली ती गाडी लगेच चालवता येते, कथानक नावापुरतेच आहे, आणि बदल करायचे ते टायर, गिअर अशा कामगिरीच्या भागांत. परीक्षकांनी या दुसऱ्या गेमचे बहुतांशी कौतुक केले, कारण मोकळे शहर, वेग आणि मित्रांशी चालणारी चुरस या कसोट्यांवर तो उत्तम उतरला होता. जुन्या चाहत्यांपैकी अनेकांनी मात्र नाके मुरडली, कारण त्यांना हवी असलेली गाडी सजवण्याची मुभा त्यात नव्हतीच. दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर होत्या. म्हणून प्रत्येक परीक्षणात, परीक्षक या गेमची तुलना कशाशी करतो आहे, ते वाक्य प्रथम शोधावे. ते सापडले की उरलेल्या मजकुराचे वजन किती धरायचे हे ठरवता येते.

त्यानंतर विशेषणे बाजूला ठेवून तक्रारींकडे वळावे. ‘हँडलिंग जड आहे’ एवढ्यावरून काहीच बोध होत नाही. वळणावर गाडी उशिरा वळते की ड्रिफ्ट, म्हणजे चाके घसरवत घेतलेले वळण, मध्येच तुटते, हे लिहिणारा परीक्षक अधिक विश्वासार्ह मानावा. ‘रबर-बँडिंग’ हा शब्द आला तर थांबून वाचावे. आपण कितीही पुढे गेलो तरी मागचे स्पर्धक कृत्रिम वेगाने पुन्हा जवळ आणले जातात, असा त्याचा अर्थ असून, चुरस आवडणाऱ्याला ते चालते, तर कौशल्याचे फळ मागणाऱ्याला मुळीच चालत नाही. रस्ते ओस वाटतात ही तक्रारही वरचेवर आढळते. संध्याकाळी गर्दीच्या सिंहगड रस्त्यावरून घरी परतणाऱ्या माणसाला ती स्तुती वाटण्याचा संभव आहे.

परीक्षण कोणत्या यंत्रावर खेळून लिहिले आहे, हेही पाहावे. परीक्षणांचे गुण एकत्र करणाऱ्या मेटाक्रिटिक या संकेतस्थळावर प्लेस्टेशन व एक्सबॉक्स हे कन्सोल आणि संगणक यांच्या आवृत्त्यांचे गुण वेगवेगळे दिलेले असतात आणि तेथील सरासरीत काही प्रकाशनांना अधिक वजन दिले जाते. तशाच प्रकारचे ओपनक्रिटिक हे संकेतस्थळ साधी सरासरी काढते. त्यामुळे दोन्हीकडचे आकडे जुळले नाहीत, तर त्यात गोंधळण्यासारखे काही नाही. लॅपटॉपवर खेळणाऱ्याने कन्सोलच्या परीक्षणातील फ्रेम रेटची, म्हणजे दर सेकंदाला पडद्यावर उमटणाऱ्या चित्रांच्या संख्येची, वाहवा सरळ सोडून द्यावी.

परीक्षणाची तारीख तपासणे मात्र टाळू नये. २०१७ सालच्या ‘नीड फॉर स्पीड पेबॅक’मध्ये गाडीची ताकद वाढवण्यासाठी नशिबावर अवलंबून असलेली ‘स्पीड कार्डे’ मिळवावी लागत, आणि त्यावर टीका झाल्यावर निर्मात्यांनी थोड्याच काळात शर्यतींची बक्षिसे वाढवली. पहिल्या आठवड्यातील परीक्षणांत हा बदल दिसणार नाही. उलट प्रकारही घडतो. २०१४ साली आलेल्या युबिसॉफ्टच्या ‘द क्रू’ला एकट्याने खेळतानाही इंटरनेट लागत असे, आणि ३१ मार्च २०२४ रोजी त्याचे सर्व्हर बंद झाल्यावर विकत घेतलेली डिस्कही निरुपयोगी ठरली. तेव्हा सतत ऑनलाइन राहण्याच्या अटीचा उल्लेख परीक्षणाच्या तळाशी एका ओळीत उरकलेला असला, तरी वापरलेली डिस्क घेणाऱ्याने तोच आधी वाचावा.

खेळाडूंची मते स्टीम या संगणकावरचे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानावर वाचावीत, परंतु तेथे प्रत्येक मताशेजारी किती तास खेळून ते लिहिले हे दिलेले असते, त्याकडे लक्ष द्यावे, आणि एकूण टक्केवारीबरोबर अलीकडच्या तीस दिवसांची टक्केवारीही ताडून पाहावी. दोन्हींत मोठी तफावत असेल, तर मधल्या काळात एखादा अपडेट आला असावा किंवा काही बिघडले असावे. तरीही मन ठरत नसेल, तर खरेदीपासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळून झाले असताना स्टीमकडे पैसे परत मागता येतात. ते दोन तास गॅरेजमध्ये रंग निवडण्यात घालवू नयेत. परीक्षकांचे ज्या मुद्द्यावर मतभेद होते, तोच त्या वेळात स्वतः खेळून पाहावा.