पावसाळ्यात कुत्र्याचे पंजे कोरडे ठेवा

पावसातून फिरून आल्यावर आपण कुत्र्याची पाठ खसाखसा पुसतो आणि पंजे मात्र ओलेच राहतात. खाज बहुतेकदा तिथूनच सुरू होते. एकेक पंजा हातात घेऊन बोटांच्या बेचक्या सुती फडक्याने टिपा, घासू नका. आमचा मोती सारखा पंजा चाटायचा. बेचकीतले पांढरे केस तांबूस झाले तेव्हा कुठे आमच्या लक्षात आलं. कानाआड, काखेत गोचीड चाचपा. सापडली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. रॉकेलबिकेल अजिबात नको, आणि आपला शाम्पूही नको, त्याने कातडी कोरडी पडते. केस गळून गोल चट्टे दिसले तर मात्र लेप थापत बसू नका, पशुवैद्याकडे न्या. गजकर्ण असेल तर ते घरच्यांनाही होतं.