'पार्त्सिफाल'चा अर्थ लावताना या चुका टाळा

मध्ययुगीन जर्मन कवी वोल्फ्राम फॉन एशेनबाखचं 'पार्त्सिफाल' हे 1200 ते 1210च्या सुमाराचं, जवळजवळ 25,000 ओळींचं काव्य, ग्राल या पवित्र वस्तूपर्यंत पोचणाऱ्या पार्त्सिफाल नावाच्या सरदाराचं. त्यावर मतं देणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी प्रत्यक्षात पाहिलेला असतो तो संगीतकार वाग्नरचा 1882चा ऑपेरा. मग ब्रह्मचर्य हाच जर्मन सरदारांचा आदर्श होता, असे निष्कर्ष निघतात. वाग्नरचा नायक एका चुंबनाने भानावर येतो आणि मोह नाकारतो, वोल्फ्रामचा मात्र चांगला संसारी आहे. कोंडविरामुर्स त्याची बायको, आणि तिच्यापासून जुळे मुलगे. ऑपेरातला ग्राल प्याला आहे. काव्यातला ग्राल दगड आहे, आणि दर गुड फ्रायडेला एक कबुतर त्यावर प्रसादाची पांढरी चकती ठेवून जातं. ऑपेरा जरूर ऐका, पण काव्य संपवल्यावर.

सगळ्यात चिवट चूक त्या प्रसिद्ध प्रश्नाची. 'पार्त्सिफालने ग्रालच्या गडावर प्रश्न विचारला नाही, हेच त्याचं पाप', एवढ्यावर लोक थांबतात. पाचव्या सर्गात ग्रालचा जखमी राजा अन्फोर्तास समोर असताना तो गप्प बसतो, हे खरं. पण का? तिसऱ्या सर्गात त्याला सरदारकी शिकवणाऱ्या गुर्नेमान्त्सने बजावलेलं असतं की फार प्रश्न विचारायचे नाहीत. म्हणजे तो दरबारी शिस्त पाळूनच चुकतो. नवव्या सर्गात त्रेव्रित्सेंट नावाचा एकांतवासी साधू आणखी दोन गोष्टी त्याच्या पदरात घालतो. पार्त्सिफालने चिलखतासाठी मारलेला इथेर हा सरदार नात्यातलाच होता, आणि मुलगा निघून गेल्यावर आई कोसळून मेली. हा त्रेव्रित्सेंट आणि अन्फोर्तास, दोघेही पार्त्सिफालचे सख्खे मामा. सोळाव्या सर्गात तो विचारतो, 'मामा, काय होतंय तुम्हाला?' तोवर उत्तर त्याला ठाऊक असतं. म्हणून या प्रश्नाला जादूचा परवलीचा शब्द समजणं चूक आहे, इथे आपल्या माणसाची विचारपूस महत्त्वाची आहे. 5, 9 आणि 16 हे सर्ग सलग वाचावेत, शेजारी हाताने काढलेली वंशावळ ठेवून. छापील वंशावळीवर नजर नुसती फिरते. आणि त्रेव्रित्सेंटचं म्हणणंही शेवटचं मानू नये, कारण सोळाव्या सर्गात तो स्वतःच कबूल करतो की आपण आधी खोटं बोललो.

निवेदकाचा शब्द पुरावा म्हणून घेतला की काय होतं, याचं उदाहरण जर्मन लेखक ऑटो रान. वोल्फ्राम सांगतो की ही कथा क्योट नावाच्या प्रोव्हान्सच्या (दक्षिण फ्रान्समधल्या) माणसाला स्पेनमधल्या टोलेडोत सापडली. अशा क्योटचा मागमूस नाही. कथेचा मोठा भाग क्रेतियाँ द त्रुआ या कवीच्या अपुऱ्या फ्रेंच काव्यातून आलेला आहे. रानने मात्र दक्षिण फ्रान्सचा धागा धरला आणि 1933च्या पुस्तकात पिरेनीजमधला मोंसेग्यूर किल्ला म्हणजेच ग्रालचा गड, असं मांडलं. पुढे तो नाझींच्या एसएस संघटनेत गेला. वोल्फ्रामचा हाच निवेदक आपल्याला अक्षरही येत नाही असं सांगतो. तेही चेष्टेच्या अंगाने वाचा.

त्याच काळातला दुसरा जर्मन कवी हार्टमान फॉन आउए, त्याने क्रेतियाँचं नुसतं भाषांतर केलं, असं लिहू नका. क्रेतियाँचं मूळ काव्य सुमारे 7,000 ओळींचं, तर हार्टमानचं 'एरेक' 10,000च्या पुढे जातं, आणि नायिका एनीटेच्या घोड्याचं वर्णनच जवळजवळ 500 ओळी चालतं. सारांश वाचणाऱ्यांचा घोडा इथेच हुकतो.

'निबेलुंगनलीड' या जर्मन काव्याला या दरबारी सरदारकथांच्या खणात टाकू नका, ती वीरगाथा आहे, जरी स्वित्झर्लंडमधल्या सांक्ट गालनच्या एकाच हस्तलिखितात ती 'पार्त्सिफाल'शेजारी असली तरी.

'पार्त्सिफाल'च्या शेवटी नायकाचा सावत्र भाऊ फाइरेफित्स हिंदुस्थानात येतो आणि त्याचा मुलगा प्रेस्टर जॉन, म्हणजे दंतकथेतला पूर्वेचा ख्रिस्ती राजा, होतो. त्यावरून वोल्फ्रामला आपला देश माहीत होता असं सिद्ध करू नये. त्याचा हिंदुस्थान ऐकीव आहे.

संदर्भ देताना भाषांतराचं पान नको. संपादक लाखमानने 1833च्या आवृत्तीत केलेले 30 ओळींचे खंड वापरा. मामाला विचारलेला प्रश्न 795,29 (खंड 795, ओळ 29) असा लिहिला की कुठल्याही आवृत्तीत सापडतो.