वजन उतरवायचंय ना, मग गडावर जाणारी दोन-तीन माणसं कामाला लावा (सातारकरांसाठी)

एक गोष्ट आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचायचं का नाही ते तुम्हाला ठरवता येईल. नुसता अजिंक्यतारा चढून वजन उतरत नाही. म्हणजे उतरतं, पण दोन-चार किलो, मग काटा तिथंच बसून राहतो. हे साताऱ्यात कुणाला पटत नाही, पण पहाटे अजिंक्यताऱ्याच्या वाटेवरच्या 'चार भिंती'कडं निघालेल्या गर्दीत कधी नीट बघा, त्यातल्या कित्येकांची ढेरी वर्षानुवर्षं तेवढीच आहे. वजन उतरतं ताटात. मग डोंगरवाल्या मित्रांचा उपयोग काय, तर हा, की वीस-पंचवीस किलो उतरवणं हे वर्ष-दीड वर्षाचं काम आहे आणि एवढा काळ एकट्याच्या जिद्दीवर फार थोडी माणसं काढतात. बाकीच्यांना कुणीतरी पहाटे पाचला खाली उभं राहून हाक मारणारं लागतं.

आकडे बघा. एक किलो चरबी म्हणजे साधारण 7,700 कॅलरी. 110 चा माणूस 85 वर यायचा तर 25 किलो, म्हणजे 1 लाख 92 हजारच्या वर कॅलरी. रोज 500 चा खड्डा पाडला, म्हणजे जळतं त्यापेक्षा 500 कॅलरी कमी खाल्लं, तरी वर्षभरापेक्षा जास्त लागतं, आणि मधे लग्नं, यात्रा, आजारपण, पाऊस हे सगळं येणारच, त्यामुळं दीड वर्ष धरूनच चला. आठवड्याला अर्धा ते एक किलो हा वेग बरा. कुणी महिन्यात 15 किलो म्हणत असेल तर त्याच्या नादाला लागू नका, उपाशी राहून झपाट्यानं वजन पाडलं की पित्ताशयात खडे होऊ शकतात आणि चरबीबरोबर स्नायू पण जातात.

घाबरायचं पण कारण नाही. 85 गाठेपर्यंत काहीच हाती लागत नाही असं नाही. वजनाच्या 5 ते 10 टक्के गेले, म्हणजे 110 वाल्याचे 6 ते 11 किलो, तरी शुगर, बीपीत फरक दिसायला लागतो. आणि गुडघेदुखीवाल्यांसाठी तर ही सगळ्यात भारी गोष्ट, एक किलो कमी झाला की चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोनं कमी होतो.

आता माणसं. अख्ख्या ट्रेकिंग ग्रुपला सांगत बसू नका. तीस जणांना सांगितलं की तीस सल्ले येतात, एक म्हणतो भात सोड, दुसरा म्हणतो लिंबू-मध घे, तिसरा कुठलंतरी शेक विकायला लागतो. दोन किंवा तीनच जण निवडा. त्यात एक तरी तुमच्या गल्लीतला किंवा जवळपासचा पाहिजे, म्हणजे गोडोलीचा असाल तर गोडोलीचाच, कारण शाहूपुरीवाला रोज पहाटे तुम्हाला उठवायला येणार नाही. दुसरा असा बघा की जो स्वतः फार फास्ट नाही. ग्रुपमधला सगळ्यात तगडा गडी, जो सह्याद्री पालथा घालून आलाय, तो दिसायला आदर्श, पण जोडीदार म्हणून बहुतेक वेळा बेकार. त्याला तुमचा दम लागणं कळतच नाही.

आणि त्यांना सांगताना "मला जरा सपोर्ट करा रे" असलं मोघम बोलू नका. मोघम मागितलं की मोघमच मिळतं, वर दोन अंगठे येतात आणि विषय संपतो. नेमकं मागा. उदाहरणार्थ असं: "भावा, माझं वजन 110 आहे, मला 85 वर यायचंय, दीड वर्ष लागेल. तू तीन कामं करायची. मंगळवार, गुरुवार, शनिवार सकाळी मला घेऊनच निघायचं. दर रविवारी मी तुला काट्याचा फोटो पाठवणार, तू फक्त बघितलं म्हणायचं, भाषण द्यायचं नाही. आणि खाली टपरीवर माझ्यासाठी वडापाव सांगायचा नाही." आकडा तोंडानं सांगायला लाज वाटते हे मान्य, पण एकदा सांगितला की निम्मं ओझं तिथंच उतरतं.

ताई-वहिनींसाठी वेगळं सांगतो, कारण त्यांची अडचण वेगळी. पहाटे डबे, पाणी, पोरांची शाळा, त्यात "तू कशाला डोंगरावर" म्हणणारं कुणीतरी घरात असतंच. तिथं आळीतल्या दोन-तीन बायकांनी मिळून जाणं सगळ्यात टिकतं, एकीला घरी अडवता येतं, तिघी दारात येऊन उभ्या राहिल्या की अडवता येत नाही. संध्याकाळी जमत असेल तर संध्याकाळी जा, पहाटेलाच चरबी जास्त जळते असं काही नाही.

निघायच्या आधी एकदा डॉक्टरकडं जाऊन या, ह्यावर वाद नको. बीपी, शुगर, थायरॉइड, चाळिशी ओलांडली असेल किंवा घरात हार्टचं कुणाला असेल तर ईसीजी आणि पुढचं डॉक्टर सांगतील ते. शुगरच्या काही गोळ्या आणि इन्सुलिन चालू असताना खाणं कमी करून चढ चढला की शुगर धाडकन खाली येऊ शकते, म्हणून डोस आधी विचारून घ्यायचा आणि खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवायचं. ते तुमच्या जोडीदाराला पण माहीत पाहिजे, कुठल्या खिशात आहे ते सुद्धा. चढताना छातीत दाब, हाताला किंवा जबड्याला कळ, थंड घाम असं काही झालं तर "थोडं बसतो, बरं वाटेल" नाही, तिथंच थांबायचं आणि 108 ला फोन.

वेगाचं सांगतो, कारण नवीन जाड माणूस ग्रुप सोडतो तो बहुतेक इथंच. होतं काय, सगळे पुढं जातात, सावलीत बसतात, पाणी पितात, गप्पा मारतात. तुम्ही धापा टाकत पोचता, आणि तुम्ही पोचलात की सगळे उठतात, "चला, आला हा". म्हणजे ज्याला विश्रांती सगळ्यात जास्त पाहिजे त्यालाच मिळत नाही. कुणाचा वाईट हेतू नसतो, पण चार वेळा असं झालं की माणूस पाचव्या वेळी पाय मुरगळल्याचं कारण सांगतो. म्हणून नियम आधीच ठरवा: शेवटचा माणूस पोचल्यावर त्याची पाच मिनिटं सुरू होतात. आणि जाड माणसाला टेलला, म्हणजे सगळ्यात शेवटी, ठेवू नका, लीडच्या, म्हणजे सगळ्यात पुढं चालणाऱ्याच्या, मागं दुसऱ्या नंबरला चालवा, सगळ्यांनी त्याच्या वेगानं यायचं. योग्य वेग कुठला, तर बोलता आलं पाहिजे पण गाणं म्हणता येऊ नये.

पहिले दोन महिने चढाचं नावच काढू नका, वजन शंभरच्या पुढं असेल तर नक्कीच नाही. शाहू स्टेडियमला फेऱ्या मारा, नाहीतर माहुलीला संगमाकडं सपाट चाला, सलग अर्धा तास, मग पाऊण, मग तास. मग चार भिंती. ते जमायला लागलं की अजिंक्यतारा, तो पण गाडीच्या डांबरी रस्त्यानं चालत, पायवाटेनं नाही, रस्त्याचा उतार सारखा असतो आणि पाय कुठं ठेवायचा हा विचार करावा लागत नाही. मग सज्जनगडच्या पायऱ्या, मग यवतेश्वरचा घाट, आणि जरंडेश्वर सगळ्यात शेवटी, त्याची खडी चढण भल्याभल्यांना बसवते.

उतरताना घाई करू नका, चढताना दम लागतो पण गुडघे आणि मांड्या मोडतात त्या उतरताना. काठी घ्या, दोन घेतल्या तर अजून चांगलं, हसणाऱ्याला हसू द्या. पावलं छोटी टाका. आणि एक गोष्ट जी कुणी बोलत नाही: मांड्या घासतात. जाड माणसाच्या मांड्या घासून सोलून निघतात आणि तो दुसऱ्या दिवशी चालू शकत नाही, बाकीच्यांना वाटतं कंटाळा केला. आतून सायकलिंगची घट्ट शॉर्ट घाला, व्हॅसलीन लावा, सुती जाड पँट नको. बूट संध्याकाळी विकत घ्या, तेव्हा पाय थोडे फुगलेले असतात, आणि पुढं अंगठ्याला जागा सोडा.

आता खरा घात होतो त्या जागेकडं येऊ, म्हणजे उतरल्यावरचा नाष्टा. शहरातून अजिंक्यतारा म्हणजे चढ हजार फुटांच्या आत-बाहेर. 110 किलोच्या माणसाचे चढून-उतरून चारशे-पाचशे कॅलरी जळतील, आणि खाली आल्यावर एक मिसळ, दोन पाव, वर एक वडा आणि गोड चहा झाला की सगळं परत आत, वर व्याज. नुसता एक वडापाव तीनशेच्या आसपास जातो. आणि "आज चढलोय ना" म्हणून दुपारी मटण, रात्री परत भूक. आपल्याकडं ट्रेक म्हणजे अर्धा ट्रेक आणि अर्धी मिसळ असंच आहे, त्यामुळं ग्रुपला मिसळ सोडायला लावू नका, ते तुम्हाला सोडतील. त्यापेक्षा नाष्टा वरच करा. घरून डबा न्यायचा आणि मंगळाईच्या देवळाजवळ बसून खायचा: भाकरी आणि पिठलं, मोड आलेल्या मटकीची उसळ, उकडलेली अंडी, काकडी, ताकाची बाटली. पोट भरलेलं असलं की खाली टपरीवर बिनसाखरेचा चहा घेऊन उभं राहता येतं. जोडीदाराचं काम एवढंच की त्यानं पण डबा आणायचा. एकट्यानं डबा उघडून बसायला कसंतरी होतं, दोघं असले की तिसरा पण "काय आणलंय बघू" म्हणत येतो.

घरी पण फार काही विचित्र खायला नको. ओट्स, किन्वा घेणाऱ्यानं घ्यावं, पण आपलं ज्वारी-बाजरी, हुलगे, कोरेगावचा वाघ्या घेवडा, डाळी, ताक हे काय कमी आहे का. फक्त प्रमाण उलटं करा. आपण तीन भाकऱ्या आणि वाटीभर कालवण खातो, ते एक-दीड भाकरी, दोन वाट्या उसळ आणि ताटभर कच्चं किंवा शिजवलेलं माळवं करायचं. प्रोटीन वजनाच्या दर किलोमागं एक ग्रॅमच्या आसपास गेलं पाहिजे, नाहीतर स्नायू झडतात (किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरला विचारूनच). तेल मोजून ओता, बाटलीतनं थेट कढईत नाही, ह्या एका गोष्टीनं जेवढा फरक पडतो तेवढा कुठल्या काढ्यानं पडत नाही. कंदी पेढे घरात आणून ठेवू नका, पाहुण्यांना द्यायचे असतील तर द्यायच्या दिवशीच आणा.

यात्रांचे दिवस आले की रोज कुणाच्यातरी गावची यात्रा, आणि मटणाला नाही म्हटलं तर पाहुणा रुसतो. नाही म्हणू नका. जावा, रस्सा प्या, फोडी खा, भाकरी एक घ्या, भात सोडा, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे नेहमीच्या वेळेला खाली या. त्या आठवड्यात काटा वर गेला तर जाऊ दे, त्यात बरंचसं पाणी असतं. आदल्या रात्रीच्या जेवणानं माणूस घसरत नाही, दुसऱ्या दिवशी लाजेनं यायचं टाळतो तिथं घसरतो, आणि जोडीदारानं नेमकं त्याच दिवशी फोन करायचा असतो.

पावसाळ्यात वाटा शेवाळतात, जड माणूस घसरला की जोरात पडतो, तेव्हा डांबरी रस्ता किंवा घरातला जिना. साताऱ्याची हिल मॅरेथॉन पण साधारण ह्याच दिवसांत असते, 2012 पासून चालू आहे, 21 किलोमीटर आणि यवतेश्वरचा घाट, तिथलं वातावरण बघून कुणालाही वाटतं आपण पण नाव द्यावं. पहिल्या वर्षी देऊ नका, रस्त्याकडेला उभं राहून टाळ्या वाजवा. त्यापेक्षा वासोटा किल्ल्याचं ध्येय ठेवा. बामणोलीतनं बोट, वनखात्याची परवानगी, जंगलातली चढण, आणि संध्याकाळच्या आत परत फिरायचंच असतं, त्यामुळं तिथं तुमचा वेग खरोखर मोजला जातो. पावसाळा सोडून कुठल्यातरी महिन्यात, पंधरा एक किलो उतरल्यावर, त्याच दोन-तीन जणांबरोबर जा.

मधे कधीतरी काटा हलायचा थांबणार. शरीर हलकं झालं की त्याला पेट्रोल पण कमी लागतं, आधी जेवढं खाऊन वजन उतरत होतं तेवढ्यावरच आता ते टिकून राहतं. अशा वेळी चार आठवडे थांबून कंबर मोजा, पुरुषाची 90 सेंटीमीटरच्या आत आणि बाईची 80 च्या आत हे लक्ष्य. कंबर कमी होत असेल तर काही बदलू नका. दोन्ही अडकलं असेल तर आठवडाभर खाल्लेलं सगळं लिहून काढा आणि जोडीदाराला दाखवा, दोन-तीन वेळचं फरसाण तोच शोधून काढेल. आठवड्यातनं दोनदा उठाबशा, भिंतीला दंड, घरातली पाण्याची कळशी उचलणं हे पण सुरू करा, नुसत्या चालण्यानं स्नायू राहत नाहीत.

मौंजारो, वेगोवी ही वजन उतरवायची इंजेक्शनं 2025 मध्ये आपल्याकडं आली, आता ग्रुपमध्ये पण कुणी ना कुणी घेतंय. डॉक्टरनं लिहून दिली असतील तर त्यात चोरी कसली, आणि घेणाऱ्याला "शॉर्टकट" म्हणून टोमणे मारणाऱ्याला जरा गप्प करा. भूक कमी लागत असल्यामुळं अशा माणसाचं प्रोटीन आणि पाणी कमी पडतं, त्यामुळं चढावर त्याच्याकडं थोडं जास्त लक्ष ठेवा.

85 आल्यावर फोटो टाकायचा, पेढे वाटायचे, सगळं करा, पण रविवारचा काटा बंद करू नका. वजन परत चढतं ते गुपचूप, आणि सगळ्यांचं कौतुक संपल्यानंतर. म्हणून आत्ताच जोडीदाराबरोबर एक रेघ ठरवून ठेवा, समजा 88. त्याच्या वर दोन रविवार सलग दिसलं तर कारणं न सांगता डबा परत सुरू, मंगळवार, गुरुवार, शनिवार परत सुरू, आणि फोन त्यानं करायची वाट बघायची नाही, ह्यावेळी तुम्हीच करायचा.